प्रियजनांसाठी केलेली प्रार्थना कशी वाचावी? कुंभकोणम्-तंजावर परिसरातील एका उदाहरणाचा अभ्यास

१. प्रास्ताविक

कुंभकोणम् येथील चक्रपाणी मंदिरात तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांची धातूची मूर्ती आहे. देवाने आपल्याला आजारातून बरे केले म्हणून राजे येथे देवापुढे सेवेला उभे आहेत, असे मंदिराची परंपरा सांगते. तेथून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावर आहे. तेथील शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये हेच राजे संगमरवरात कोरलेले दिसतात. इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून सरफोजींनी स्वतः हे शिल्प करवून घेतले. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी मरणशय्येवर आहेत आणि राजे त्यांच्या भेटीला आले आहेत, असा तो प्रसंग आहे.

श्वार्ट्झ यांनी सरफोजींना मुलाप्रमाणे जपले. सरफोजींनी ख्रिस्ताकडे वळावे ही इच्छा त्यांनी शेवटच्या आजारपणातही बोलून दाखवली. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेणारे राजे हेच, आणि चर्चमध्ये मिशनऱ्याचे स्मारक उभारणारे राजेही हेच.

मग श्वार्ट्झ यांची प्रार्थना वाया गेली का? श्रद्धावान माणूस या प्रश्नाचे उत्तर आपल्या श्रद्धेप्रमाणे देईल. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र आधी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. अशा प्रार्थनेची हकिकत कोण सांगतो? प्रार्थनेत नेमके काय मागितलेले असते? मागितलेले मिळाले नाही तर प्रार्थना करणारा पुढे काय करतो? या घटकात आपण हे तीन प्रश्न घेऊन काही लेखनाचे वाचन करणार आहोत.

२. ‘प्रार्थना करत राहा’ : या उपदेशाची घडण

दुसऱ्यासाठी देवाकडे मागणे याला मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘मध्यस्थीची प्रार्थना’ म्हणतात. आजारी आईसाठी, दुरावलेल्या मुलासाठी, श्रद्धेपासून दूर गेलेल्या जोडीदारासाठी थकून न जाता प्रार्थना करत राहा, असे सांगणारे लेखन ख्रिस्ती साहित्यात विपुल आहे. प्रवचने, पत्रिका, भक्तिगीते, आत्मचरित्रे अशा अनेक रूपांत ते आढळते. त्याची घडण बहुधा ठरलेली असते. आधी बायबलमधील एखादा दृष्टांत येतो, मग कोणाची तरी साक्ष येते (‘मी इतकी वर्षे प्रार्थना केली आणि शेवटी उत्तर मिळाले’), आणि अखेरीस वाचकाला धीर दिला जातो.

या घडणीत दोन अडचणी आहेत. त्या ओळखता आल्या की चांगले लेखन आणि सामान्य लेखन यांतला फरक कळू लागतो.

पहिली अडचण दृष्टांतांच्या निवडीची. सर्वांत जास्त वापरला जाणारा दृष्टांत लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला आहे. एक विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि शेवटी तिच्या सततच्या येण्याला कंटाळून तो तिला न्याय देतो. चिकाटीचा धडा म्हणून ही गोष्ट योग्यच आहे. पण नीट वाचा. ही बाई दुसऱ्या कोणाचे मन बदलावे म्हणून गेलेली नाही. तिला स्वतःच्या फिर्यादीत न्याय हवा आहे. प्रियजनांसाठीच्या प्रार्थनेला जवळची गोष्ट मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सापडते. चौघे जण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात. गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. ते तोंडाने काही मागत नाहीत. येशू त्यांचा विश्वास पाहतो, असे तेथे म्हटले आहे, आणि तो विश्वास दिसतो तो त्यांच्या श्रमांत.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मागितलेले मिळाले नाही तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे अनेकदा सूचित केले जाते. ज्याचे माणूस आजारातून उठले नाही, त्याच्या दुःखात अपराधाची भर पडते. बायबलचा आधार या सूचनेला भक्कम नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आहे असे म्हणतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठीही मदत मागतो. त्याचे मूल बरे होते. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपल्या स्वजातीयांसाठी अंतःकरणापासून प्रार्थना करतो. ती त्याच्या हयातीत त्याला हव्या त्या रूपात पूर्ण झाल्याचे दिसत नाही. म्हणून पौलाचा विश्वास उणा होता, असे कोणी म्हणत नाही.

मराठी वाचकाला येथे आपल्या परंपरेतले दोन शब्द उपयोगी पडतील. एक ‘नवस’. नवसात अट असते. काम झाले की फेड करायची. दुसरा ‘पसायदान’. १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी केलेल्या या मागण्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातले दुष्टपण जावे असे मागितले आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणात बदल व्हावा, आणि तोही त्याच्या भल्यासाठी, ही मागणी ख्रिस्ती मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या फार जवळची आहे. दोन्हींच्या पाठीमागचे तत्त्वज्ञान वेगळे असले तरी मागण्याची वृत्ती ताडून पाहण्यासारखी आहे.

३. मोनिका : यशस्वी मानले गेलेले उदाहरण

या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण संत ऑगस्टीन यांची आई मोनिका हिचे आहे. उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे ३५४ मध्ये जन्मलेला ऑगस्टीन तारुण्यात मानी पंथाकडे वळला. मोनिका वर्षानुवर्षे त्याच्यासाठी रडत, प्रार्थना करत राहिली. ३८७ च्या ईस्टरला मिलान येथे बिशप अँब्रोझ यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका ओस्तिया येथे वारली. ही हकिकत आपल्याला ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनातून कळते. ते साधारण ३९७ ते ४०० या काळात लिहिले गेले.

धीर देणारे लेखक या गोष्टीतून एवढेच घेतात की आईने चिकाटी ठेवली आणि मुलगा परतला. मूळ ग्रंथ यापेक्षा अवघड आहे. पाचव्या खंडातला प्रसंग पाहा. ऑगस्टीन रोमला निघाला आहे. तो जाऊ नये म्हणून मोनिका समुद्रकाठच्या एका प्रार्थनास्थळी रात्रभर प्रार्थना करते. तो तिला फसवून त्याच रात्री जहाजाने निघून जातो. म्हणजे त्या रात्री तिने जे मागितले ते तिला मिळाले नाही. पुढे लिहिताना ऑगस्टीन म्हणतो की, तिची खरी इच्छा पुरी व्हावी म्हणूनच देवाने तिची त्या वेळची मागणी नाकारली. रोमला गेला म्हणून तो मिलानला पोचला.

हा अर्थ कोण लावतो आहे, ते लक्षात घ्या. त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मोनिकेला तो ठाऊक नव्हता. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली, त्या मुलाने अनेक वर्षांनी तो लावला. नवव्या खंडाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडते. ऑगस्टीन आता मेलेल्या आईसाठी स्वतः प्रार्थना करतो आणि वाचकांनीही आपल्या आईवडिलांची आठवण ठेवावी अशी विनंती करतो. ज्याच्यासाठी मागितले जात होते, तो आता मागणारा झाला आहे. प्रार्थनेची दिशा येथे उलटते.

हे दोन मुद्दे लिहून ठेवा : प्रार्थनेची हकिकत तिचा विषय झालेला माणूस सांगतो, आणि शेवटी तो स्वतः प्रार्थना करतो. आता तंजावरला येऊ.

४. श्वार्ट्झ आणि सरफोजी : प्रेमाचा इतिहास

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ चा, प्रशियातला. १७५० मध्ये ते तरंगमबाडीला आले आणि पुढे तिरुचिरापल्ली व तंजावर येथे राहिले. तमिळशिवाय ते पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्थानी आणि मराठीही शिकले. तंजावरच्या दरबाराची भाषा मराठी होती, म्हणून दरबाराशी बोलण्यासाठी त्यांना ती हवी होती. हैदर अलीच्या स्वारीच्या आणि दुष्काळाच्या काळात त्यांनी धान्य मिळवून भुकेल्यांना खाऊ घातले. कावेरीच्या खोऱ्यातून पळून गेलेले शेतकरी त्यांच्या शब्दावर गावी परतले, असे त्या काळचे वृत्तांत सांगतात.

१७८७ मध्ये तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ यांनी मुलाचा सांभाळ करावा अशी इच्छा व्यक्त केली. राज्य मात्र तुळजाजींचे भाऊ अमरसिंह यांच्या हाती गेले. मुलाची आबाळ होते आहे, शिक्षण बंद आहे, असे पाहून श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे पुन्हा पुन्हा दाद मागितली. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले. तेथे गेरिके या मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. दत्तकविधान ग्राह्य ठरून जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ यांना ते पाहता आले नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते वारले होते.

शेवटच्या आजारात सरफोजी भेटीला आले तेव्हा श्वार्ट्झ यांनी त्यांना न्यायाने वागण्याचा, ख्रिस्ती प्रजेवर दया ठेवण्याचा उपदेश केला आणि सरफोजींनी ख्रिस्ताकडे यावे ही आपली अखेरची कळकळीची इच्छा असल्याचे सांगितले. तरुण राजपुत्राने ते ऐकून घेतले. अंत्यसंस्काराच्या वेळी ते रडले. धर्म मात्र त्यांनी बदलला नाही.

आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब अशी की, श्वार्ट्झ यांनी सांभाळासाठी धर्मांतराची अट घातली नाही. गादीवरचा हक्क, शिक्षण आणि सुरक्षितता यांसाठी ते झटले ते हिंदू राजपुत्रासाठीच. त्यांची प्रार्थना आणि त्यांचे श्रम एकाच दिशेचे होते, पण श्रमांचे फळ प्रार्थनेच्या फळावर अवलंबून ठेवलेले नव्हते. नवसापासून ही वृत्ती किती दूर आहे ते पाहा.

त्याच काळात श्वार्ट्झ यांच्या हाताखाली दुसरा एक मुलगा वाढला. तमिळमधील थोर ख्रिस्ती कवी वेदनायकम् शास्त्रियार (१७७४ ते १८६४) ते हेच. राजा आणि कवी दोघेही एकाच माणसाला पित्यासमान मानत. एकाने त्यांचा धर्म गीतांतून गायला, दुसऱ्याने तो न स्वीकारता त्यांचे ऋण मानले.

५. राजाने लिहिलेल्या ओळी

श्वार्ट्झ यांच्या थडग्याच्या शिळेवर काही इंग्रजी ओळी आहेत. त्या सरफोजींनी स्वतः रचल्या असे मानले जाते. जेमतेम नऊ-दहा छोट्या ओळी, सोपी यमके. कविता म्हणून ती कच्ची आहे हे मान्य करायला हरकत नाही. परक्या भाषेत लिहिणाऱ्याचे शब्द जिथे यमक सापडेल तिथे जाऊन बसतात. तरीही ती काळजीपूर्वक वाचण्याजोगी आहे.

सुरुवातीला गुणांची यादी येते : दृढता, नम्रता, शहाणपण, प्रामाणिकपणा. मग कामे येतात : अनाथांचा बाप, विधवांचा आधार, दुःखात दिलासा. एका ओळीत अंधारात असलेल्यांना प्रकाश देणारा असा उल्लेख येतो. ही मिशनरी भाषा आहे. हिंदू प्रजेला ‘अंधारातले’ म्हणणारे शब्द राजाने उचललेले दिसतात. पण पुढे वाचल्यावर वेगळे काही लक्षात येते. शेवटाकडे श्वार्ट्झ कोणाकोणाला आशीर्वाद ठरले हे सांगताना राजे, प्रजा आणि ‘मी’ असा क्रम आहे. सरफोजी स्वतःला अंधारातल्यांच्या ओळीत ठेवत नाहीत. ते स्वतःला आशीर्वाद मिळालेल्यांत, आणि मुलाच्या जागी ठेवतात. ‘माझ्या बापा, मी तुला शोभेसा व्हावा’ अशा अर्थाची इच्छा येते आणि ती इच्छा व प्रार्थना करणारा म्हणून राजाचे नाव येते.

कवितेचा शेवट अशा रीतीने प्रार्थना या क्रियापदावर आणि एका नावावर होतो. ऑगस्टीनच्या ग्रंथात दिशा उलटली, तशी येथेही ती उलटते. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली तो प्रार्थना करतो. फरक एवढा की, ऑगस्टीन आईच्या श्रद्धेत शिरून प्रार्थना करतो. सरफोजी आपल्या ठिकाणी उभे राहून करतात. त्यांना श्वार्ट्झ यांचा धर्म नको आहे, पण श्वार्ट्झ यांच्यासारखे होणे हवे आहे.

टीकाकाराने येथे सावध राहायला हवे. ही कविता खाजगी दुःखाची आहे, तशीच ती राजाने जाहीरपणे कोरवून घेतलेली आहे. ज्या कंपनीच्या पाठिंब्याने गादी मिळाली, तिच्या अधिकाऱ्यांना समजेल अशा भाषेत ती लिहिली आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि ठरावीक उत्पन्न उरले. अशा परिस्थितीतले कृतज्ञतेचे शब्द राजकारणापासून पूर्ण मोकळे असतील असे धरून चालता येत नाही. पण राजकारण होते म्हणून प्रेम नव्हते, असाही निष्कर्ष निघत नाही. निव्वळ खुशामत करायची तर मेलेल्या मिशनऱ्यापेक्षा जिवंत गव्हर्नर अधिक उपयोगी होता.

६. बिशप हेबर यांची प्रार्थना : मागण्यांचा क्रम

कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मार्च १८२६ मध्ये ईस्टरच्या सुमारास तंजावरला आले. सरफोजींच्या विद्वत्तेने ते थक्क झाले. विज्ञानापासून शेक्सपिअरपर्यंत राजे अधिकाराने बोलतात, असे त्यांनी लिहून ठेवले. राजांनी ख्रिस्ती लोकांवर केलेल्या उपकारांची जाण ठेवून, त्यांच्यासाठी चर्चमधून नाव घेऊन म्हणावी अशी एक प्रार्थना त्यांनी रचली. त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल १८२६ रोजी, हेबर तिरुचिरापल्लीला अकस्मात वारले.

या छोट्या प्रार्थनेतल्या मागण्यांचा क्रम पाहा. प्रथम राजा आणि त्याचे कुटुंब यांचे रक्षण. मग राजाने चर्चला दाखवलेल्या दयेची देवाने आठवण ठेवावी ही विनंती. मग आरोग्य आणि दीर्घायुष्य. मग मुलाला आणि नातवाला मान, शांती व सुख लाभावे. शेवटी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणून, जगाला देता येत नाही अशी शांती आणि सत्याचे ज्ञान.

धर्मांतर हा शब्द येथे नाही. ‘सत्याचे ज्ञान’ म्हणजे काय ते मंडळीला अर्थातच कळत होते. तरी ते अखेरीस येते. त्याआधी राजाला राजा म्हणून, बाप म्हणून, आजोबा म्हणून जे हवेसे वाटेल ते मागितले आहे. दुसऱ्यासाठी मागताना त्याला काय हवे आहे हे आधी विचारात घेणे, ही या रचनेची मोठी जमेची बाजू आहे. सामान्य उपदेशपर लेखनात याच्या उलट दिसते. तेथे प्रियजन फक्त ‘हरवलेला’ असतो; त्याला स्वतःच्या इच्छा, काळज्या, नातवंडे असू शकतात याचा पत्ता नसतो.

पण या प्रार्थनेचे पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. कंपनीने तंजावरची गादी संपुष्टात आणली आणि राजवाड्यातली मालमत्ताही ताब्यात घेतली. शिवाजी राजांच्या विधवा राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली. पण लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तीत हात घालता येत नाही, असा निकाल दिला.

आता लूकमधली विधवा आणि न्यायाधीश यांची गोष्ट पुन्हा आठवा. चर्चमध्ये ज्या घराण्याच्या मानासाठी प्रार्थना रचली गेली, त्याच घराण्यातली विधवा न्यायाच्या दारी उभी होती. सत्याचे ज्ञान देणे माणसाच्या हातात नव्हते असे म्हणता येईल. घराण्याचा मान राखणे मात्र माणसांच्याच हातात होते, आणि ज्यांच्या हातात होते ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. हेबर यांना यासाठी जबाबदार धरता येणार नाही. ते कधीच वारले होते. पण ज्या समाजाच्या वतीने त्यांनी मागितले, त्या समाजाच्या राज्यकर्त्यांनी मागण्याला कृतीची जोड दिली नाही. उपाशी माणसाला काही न देता ‘सुखी राहा’ म्हणून पाठवू नका, असे याकोबाच्या पत्रात बजावलेले आहे. ते येथे लागू पडते. श्वार्ट्झ यांची प्रार्थना आणि या राज्यकर्त्यांचे वर्तन यांतला भेद श्रद्धेच्या प्रमाणाचा नाही. तो छप्पर उघडण्याच्या तयारीचा आहे.

७. मराठीतले एक समांतर वाचन : ‘स्मृतिचित्रे’

मराठी साहित्यात याच प्रश्नाची घरगुती बाजू लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचायला मिळते. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाले. कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. पत्नीने आपल्याबरोबर यावे ही टिळकांची उत्कट इच्छा होती. त्यांच्यासारख्या भक्ताच्या बाबतीत ती इच्छा प्रार्थनेपासून वेगळी काढता येत नाही. शेवटी त्या परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

वरवर पाहता ही मोनिकेसारखी यशाची गोष्ट आहे. पण लक्ष्मीबाई ती तशी सांगत नाहीत. पतीचे प्रेम, लहरीपणा, संताप, विसराळूपणा सारे त्या हसतखेळत आणि कधी चिडून लिहितात. परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतः विचार केला आणि आपले उत्तर आपण शोधले. त्यांचा बदल हा टिळकांच्या इच्छेचा परिणाम म्हणून त्या मांडत नाहीत. तो स्वतःचा निर्णय म्हणून मांडतात. प्रार्थनेचा विषय झालेली व्यक्ती लिहू लागली की ती कोणाच्या विजयाची खूण म्हणून राहायला तयार नसते, हे या पुस्तकातून स्पष्ट होते. म्हणूनच ते कोणत्याही प्रचारपर साक्षीपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही आपले वाटते.

८. मूल्यमापन

आता सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे येऊ.

हकिकत कोण सांगतो? मोनिका, श्वार्ट्झ आणि टिळक या तिघांची आस आपल्यापर्यंत बऱ्याच अंशी पोचते ती ऑगस्टीन, सरफोजी आणि लक्ष्मीबाई यांच्या शब्दांतून. प्रार्थना करणाऱ्याने स्वतःच्या चिकाटीचे केलेले वर्णन एकांगी होण्याचा धोका असतो. ज्याच्यासाठी ती झाली, त्याने ती प्रेम म्हणून ओळखली की दडपण म्हणून, ही खरी कसोटी. या तिघांनी ती प्रेम म्हणून ओळखली. त्यांतल्या एकाने तिची मुख्य मागणी मान्य न करताही.

काय मागितले? हेबर यांच्या रचनेत दिसले तसे, दुसऱ्याच्या सुखदुःखाची दखल घेणारे मागणे आणि फक्त स्वतःच्या मताचा विजय मागणारे मागणे यांत फरक असतो. वाचताना मागण्यांचा क्रम लावून पाहिला की तो उघड होतो.

मिळाले नाही तर पुढे काय? येथे श्वार्ट्झ यांचे उदाहरण मोनिकेपेक्षाही अधिक शिकवणारे आहे, असे माझे मत आहे. मोनिकेची गोष्ट सांगते की थांबू नका, उत्तर येईल. श्वार्ट्झ यांची गोष्ट सांगते की उत्तर आले नाही तरी प्रेम आणि काम थांबवू नका. पहिल्या गोष्टीने आशा मिळते. पण ज्यांच्या प्रार्थनेला हवे ते उत्तर मिळालेले नाही, अशा असंख्य लोकांना उपयोगी पडणारी गोष्ट दुसरी आहे. ‘श्रद्धेने प्रार्थना करत राहा’ या वाक्यातला ‘श्रद्धेने’ हा शब्द तेव्हा ‘निकालाच्या खात्रीने’ या अर्थाचा राहत नाही. ‘माणसाला न सोडता’ असा त्याचा अर्थ होतो.

तुमच्यापैकी अनेकांसाठी घरी कोणीतरी रोज काही मागत असेल : देव्हाऱ्यासमोर, चर्चमध्ये, नमाजात किंवा नुसतेच मनात. तुमची परीक्षा, नोकरी, लग्न, तब्येत, कदाचित तुम्ही सोडून दिलेली श्रद्धाही. ते मागणे तुम्हाला मान्य नसेल. सरफोजींचे वागणे अशा वेळी आठवण्यासारखे आहे. त्यांनी मागणी नाकारली, पण मागणाऱ्याला नाकारले नाही. चक्रपाणीपुढे हात जोडले आणि श्वार्ट्झ यांच्या शिळेवरही आपले नाव घातले. आणि तुम्ही स्वतः कोणासाठी प्रार्थना करत असाल, तर श्वार्ट्झ यांच्याकडून घेण्यासारखे एवढेच की, ज्याच्यासाठी मागतो त्याची फी भरायची असेल, त्याच्यासाठी दवाखान्यात बसायचे असेल, कचेरीत खेपा घालायच्या असतील, तर ते काम ‘आमेन’ म्हणून झाल्यावर सुरू होते.

९. विचारासाठी प्रश्न

१. लूक १८ मधील विधवेची गोष्ट आणि मार्क २ मधील चार मित्रांची गोष्ट यांत ‘विश्वास’ कोणत्या वेगवेगळ्या रीतींनी दिसतो?

२. नवस, पसायदान आणि मध्यस्थीची प्रार्थना यांतील मागण्याच्या वृत्तीची तुलना करा.

३. सरफोजींच्या ओळी कृतज्ञतेच्या आहेत की राजकीय सोयीच्या? दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडून स्वतःचे मत द्या.

४. हेबर यांच्या प्रार्थनेतील मागण्यांचा क्रम बदलला, ‘सत्याचे ज्ञान’ आधी आणि आरोग्य नंतर आले, तर प्रार्थनेचा सूर कसा बदलेल?

५. तुमच्या भाषेतील एखादे आत्मचरित्र निवडा. त्यात दुसऱ्याने आपल्यासाठी केलेल्या प्रार्थनेचा किंवा नवसाचा उल्लेख लेखकाने कोणत्या भावनेने केला आहे, ते २०० शब्दांत लिहा.